खांदेरीची एक रात्र आणि एक्केचाळीस पोती

थळच्या किनाऱ्यावर संध्याकाळी उभे राहिलात तर समोर समुद्रात दोन बेटे दिसतात. जवळचे ते उंदेरी आणि त्याच्या पलीकडचे, दोन टेकड्यांचे, ते खांदेरी. अंधार पडला की खांदेरीवरचा दिवा लागतो. किनारपट्टीच्या गावांतल्या लोकांनी तो लहानपणापासून पाहिलेला असतो. पण तिथे रात्र काढून आलेला माणूस तुमच्या गावात किती आहेत, जरा मोजून बघा. कोळी बांधव सोडले तर आमच्या गावात एकही नव्हता.

नोव्हेंबर २०२५ मध्ये असा योग आला. बेटावर श्रमदान करायचे, एक रात्र राहायचे आणि दुसऱ्या दिवशी परतायचे, असा बेत काही तरुणांनी आखला. भातकापणी उरकली होती. काहींची झोडणी बाकी होती, काहींनी ओल साधून वाल टाकले होते. त्यामुळे शेतकऱ्यालाही दीड दिवस काढणे अगदीच अशक्य नव्हते. एकूण बावीस जण जमलो. कॉलेजची मुले, दोन मास्तर, बचत गटाच्या चार ताई, सुट्टी टाकून आलेले एक ग्रामसेवक (आता या पदाला ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचे, पण गावात अजून भाऊसाहेबच), आठ-नऊ शेतकरी आणि दीपगृह खात्यातून निवृत्त झालेले एक काका. काकांची नोकरी खांदेरीवर झालेली नव्हती, पण दुसऱ्या दोन-तीन दीपगृहांवर त्यांचे आयुष्य गेलेले. त्यांचा उपयोग पुढे फार झाला.

परवानगीचे रामायण सांगत बसत नाही. एवढेच सांगतो की अर्ज हातात घेऊन एका कार्यालयातून दुसऱ्यात आणि दुसऱ्यातून पुन्हा पहिल्यात असे पावणेचार महिने गेले. बेट म्हटले की बंदराचा संबंध येतो, दिव्याचा येतो, किल्ला म्हणून पुरातत्त्व विभागाचा येतो आणि समुद्र म्हणून सागरी पोलिसांचा. तुम्ही जाणार असाल तर पावसाळ्यातच अर्ज टाका. आणि परवानगीशिवाय जाऊ नका. राहायला तर नाहीच नाही.

भरतीचा हिशेब

निघायची वेळ तांडेलाने ठरवली. त्याचा हिशेब आपल्या सगळ्यांना ठाऊक असलेलाच: तिथीला पाऊणने गुणा, भरतीची वेळ निघते. त्या शनिवारी मार्गशीर्ष शुद्ध द्वितीया होती. दोन गुणिले पाऊण म्हणजे दीड. दीड वाजता भर भरती. म्हणून साडेबाराला थळहून नाव सुटली आणि चढत्या पाण्यावर बेटाच्या धक्क्याला लागली. अंतर म्हणाल तर पाचेक किलोमीटर. मागे थळचा खत कारखाना लहान होत गेला. उंदेरी डाव्या-उजव्या हाताला सरकत राहिली आणि खांदेरीचे दगड मोठे होत गेले. अंगात लाइफ जॅकेट घातले होते तरी पहिल्यांदाच नावेत बसलेले आमचे मास्तर काठ सोडायला तयार नव्हते.

सोबत काय नेले ते सांगतो, कारण तिथे दुकान नाही. पिण्याचे पाणी पंधरा कॅन. त्यातला एक वाटेतच गळला, तो कुणाच्या हातून गळला यावर परत येईपर्यंत वाद चालला. तांदळाच्या भाकऱ्या, वालाची उसळ, जवळ्याची चटणी, सुकट. मार्गशीर्ष लागला म्हणून अर्ध्या लोकांनी सुकटीला हात लावला नाही. उरलेल्या अर्ध्यांनी तक्रार केली नाही. रिकामी पोती साठ. कोयते, कात्र्या, रबरी हातमोजे, दोन दोर आणि एक प्रथमोपचाराची पेटी.

रात्री जाणारी रसद

आता थोडे इतिहासाचे. शाळेत शिकलेले असते, पण आपल्या किनाऱ्याशी त्याचा संबंध कुणी जोडून दाखवत नाही.

शिवाजी महाराजांनी १६७९ च्या पावसाळ्याच्या अखेरीस खांदेरीवर माणसे उतरवली. मायनाक भंडारी त्यांचा म्होरक्या. सुमारे दीडशे माणसे आणि थोड्याशा तोफा. मुंबईच्या इंग्रजांच्या छातीत धडकी भरली, कारण मुंबईच्या तोंडावरच हे बेट. त्यांनी जहाजे आणून बेटाला वेढा घातला. सप्टेंबरात पहिली झटापट झाली, ऑक्टोबरात मोठी लढाई झाली आणि डव्ह नावाची त्यांची एक नौका मराठ्यांनी पकडली. कॅप्टन केग्विनसारखा कसलेला दर्यावर्दी समोर असूनही तटबंदी उभी राहिली ती राहिलीच. पुढे १६८० मध्ये इंग्रजांनी तहाची भाषा केली. जंजिऱ्याच्या सिद्दीने शेजारची उंदेरी बळकावली, तेही त्याच साली. नंतर कान्होजी आंग्र्यांच्या काळात, १७१८ साली, मुंबईच्या इंग्रजांनी खांदेरी घ्यायचा पुन्हा प्रयत्न केला. तोही फसला.

यातली मला आवडणारी गोष्ट वेगळीच आहे. वेढा चालू असताना बेटावरच्या माणसांना धान्य, चुना, लाकूड मिळत होते कसे? इंग्रजांची गलबते मोठी, त्यांना खोल पाणी लागे. मराठ्यांच्या होड्या उथळ बुडाच्या. रात्रीच्या अंधारात, वारा पडला की त्या किनाऱ्यावरून निघत आणि वल्ह्यांच्या जोरावर गलबतांच्या मधून निसटून बेटाला लागत. सकाळी इंग्रज बघत तर भिंत हातभर वर आलेली. म्हणजे खांदेरीचा किल्ला बेटावर बांधला गेला खरा, पण तो उभा राहिला किनाऱ्यावरच्या गावांच्या जिवावर. किनाऱ्याने काय पाठवायचे यावर त्या बेटाचे बरेवाईट ठरत आले आहे. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे पोत्यांच्या वेळी लागेल.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाच्या यादीत घेतले. महाराष्ट्रातले अकरा आणि तमिळनाडूतला जिंजी. आपली खांदेरी त्या बारांत आहे. त्या आठवड्यात पेढे वाटले गेले, फटाके उडाले. चांगलेच झाले. पण तटाच्या भेगेतल्या पिंपळाला युनेस्को कळत नाही.

उपटला आणि दगड सुटला

बेटावर उतरल्यावर पुरातत्त्वच्या माणसाने आम्हाला उन्हातच बसवून नियम सांगितले. खणायचे नाही. सुटा दगडही जागचा हलवायचा नाही. सिमेंटचा विषयच काढायचा नाही. झाड उपटायचे नाही, कापायचे, तेसुद्धा दाखवून दिलेले. आमच्यातले शेतकरी गालात हसले. जन्मभर बांध घातलेल्या, ताली रचलेल्या माणसांना झाड कसे काढायचे हे कुणी शिकवावे?

तासाभरात त्याचे उत्तर मिळाले. तटाच्या आतल्या अंगाला पुरुषभर उंचीवर उंबराचे एक रोप होते, मनगटाएवढे. आमच्या एका तगड्या गड्याने कापण्याऐवजी सवयीने ओढले. रोप आले, पण त्याच्या मुळाने आवळून धरलेला पायलीएवढा दगडही आला. त्याच्या पायापासून वीतभर अंतरावर पडला. दगड गेला तिथे भगदाड, आणि वरचे दोन दगड अधांतरी. गडी पांढरा पडला. पुरातत्त्वचा माणूस रागावला नाही. त्याने फक्त त्या जागेचा फोटो काढला आणि वहीत लिहिले. ते रागावण्यापेक्षा वाईट वाटले.

मग त्याने समजावले ते असे. वड, पिंपळ, उंबर यांचे बी पक्ष्यांच्या विष्ठेतून भिंतीच्या सांध्यात पडते. बोटाएवढे असते तोवर हाताने निघते. मूळ जाड झाले की तेच मूळ सांधा फोडते, आणि तेच मूळ फुटलेला सांधा धरूनही ठेवते. म्हणून मोठे झाड ओढून काढले तर भिंत सोबत येते. नुसते वरून छाटले तर बुंध्याला चार फांद्या फुटतात आणि मूळ आणखी जाड होते. ते बुंध्याशी कापायचे, पुन्हा फुटू नये म्हणून बुंध्याला औषध लावायचे, मूळ मेले की काढायचे आणि मोकळा झालेला सांधा चुन्याने भरायचा. हे एका दिवसाचे काम नाही. दोन-तीन हंगाम पाठपुरावा लागतो. आणि सिमेंट का नाही? तर सिमेंट कडक, दगड-चुन्याला थोडी हालचाल आणि थोडा श्वास लागतो. सिमेंटने तोंड बंद केले की आत मुरलेले पाणी आणि मीठ दगडालाच खाते. ही गोष्ट गावातल्या जुन्या देवळालाही लागू आहे. जीर्णोद्धार समित्यांनी ऐकले तर बरे.

तळ्याच्या बाबतीतही असेच झाले. खडकातल्या पाण्याच्या टाक्यांत गाळ होता. आमच्या लोकांचे हात शिवशिवत होते. दरवर्षी गावतळे उपसणारी माणसे, बावीस जणांना दुपारचे काम. पण परवानगी फक्त वरचा तरंगता कचरा काढायची. का, तर गाळात काय असेल सांगता येत नाही. नाणे असेल, गोळा असेल, खापर असेल. ते कोणत्या थरात सापडले हे नोंदवल्याशिवाय काढले की त्याची किंमत भंगाराची. एक आजोबा म्हणाले, "असं असंल तर त्यांनीच येवून काढावा. पन काढावा." यावर पुरातत्त्वच्या माणसाकडेही उत्तर नव्हते.

संध्याकाळपर्यंत पायवाट मोकळी झाली, दाखवून दिलेली झुडपे कापली गेली, टाक्यांवरच्या बाटल्या निघाल्या. चाकांच्या गाड्यावर बसवलेली जुनी तोफ पाहिली. ठोकल्यावर भांड्यासारखा आवाज देणारा तो प्रसिद्ध दगडही पाहिला. वाजवला का, म्हणाल तर हो, एकदा बोटाच्या पेराने. येणारा प्रत्येक जण दुसऱ्या दगडाने ठोकत राहिला तर त्या दगडाचे काय होईल, हे सांगायला नको. वेताळाच्या देवळात कोळी बांधवांनी वाहिलेले नारळ होते. तांडेलाने आधी तिथे माथा टेकवला, मगच जेवला.

दिवा

साडेसात-पावणेआठला ओहोटी पूर्ण झाली. द्वितीयेची कोर केव्हाच बुडाली होती. अशा काळोखात उंच टेकडीवरचा दिवा फिरू लागला, आणि थळहून ज्याला आपण ठिपका म्हणतो त्याचा झोत डोक्यावरून जाताना पाहिला. सगळे बोलायचे थांबले. पाच-सहा मिनिटेच. मग एकाने मोबाइलला रेंज येते का पाहिले.

हे दीपगृह १८६७ चे. अष्टकोनी, दगडी. कुलाब्याच्या पुढचे प्राँग्जचे दीपगृह १८७५ चे, म्हणजे खांदेरीचे त्याहून आठ वर्षांनी जुने. मुंबई बंदरात येणाऱ्या जहाजांना दक्षिणेकडून बेटे आणि खडक चुकवायचे, त्यासाठी ते उभारले. आता दीपगृहाला कान्होजी आंग्र्यांचे नाव आहे. ज्यांच्या आरमाराला मुंबईची जहाजे टरकून असत, त्यांच्याच नावाचा दिवा आता मुंबईच्या जहाजांना वाट दाखवतो. इतिहासात असे गमतीचे फेरे असतात.

निवृत्त काकांनी त्या रात्री दीपगृहाचे जुने काम सांगितले. वीज येण्याआधी अशा दिव्यांत रॉकेल जळे. आधी वातीचे दिवे, पुढे दाबाने रॉकेलची वाफ करून जाळी पेटवणारे. म्हणजे आपल्या लग्नातली पेट्रोमॅक्स बत्तीच, पण मोठी. ज्योत काही फार मोठी नसे. कमाल सगळी भोवतीच्या भिंगांची, ती चहूकडे पसरणारा उजेड गोळा करून एका झोतात पाठवतात. भिंग फिरवायला घड्याळासारखे यंत्र आणि त्याला लोंबकळणारे वजन. वजन मनोऱ्याच्या पोकळीतून हळूहळू खाली उतरे आणि भिंग फिरे. ते तळाला गेले की हाताने चावी देऊन पुन्हा वर चढवायचे. रात्रीतून कितीदा तरी. डुलकी लागली की दिवा उभा राहिला, आणि दिवा उभा राहिला की समुद्रावरच्या तांडेलाने कुठला दिवा म्हणून ओळखायचा? कारण प्रत्येक दीपगृहाची उघडझाप वेगळी ठेवलेली असते. त्यावरूनच जहाज कुठे आहे ते कळते.

एका ताईंनी विचारले, "मग दिवसा झोप मिळायची ना काका?"

"दिवसा पडदे लावायचे, ताई."

आम्हाला वाटले झोपायला पडदे. पण ते भिंगाला! दिवसा सूर्याचे ऊन भिंगातून उलट आत शिरते आणि आतल्या वस्तू पेटू शकतात. लहानपणी भिंगाने कागद जाळतो तसे. म्हणून सकाळी दिवा विझला की पडदे ओढायचे, काचा पुसायच्या, पितळ घासायचे, वहीत नोंद करायची. पावसाळ्यात समुद्र बंद, होडी येणार नाही. जूनच्या आधी भरलेल्या डाळ-तांदळावर दिवस काढायचे. काका म्हणाले, "आम्हाला लोक विचारायचे, एकटं वाटत नाही का. एकटं वाटायला वेळ कुठं होता? काचाच संपत नव्हत्या."

मला त्या काचांवरून आपली पाणीपुरवठा योजना आठवली. टाकी बांधायला मंत्री येतात. टाकी धुवायला कोण जातो?

रात्री ओट्यावर ओळीने पथाऱ्या पडल्या. तंबू लावायचे नाहीत, शेकोटी पेटवायची नाही, असेही नियमांत होते. मध्यरात्रीनंतर मतलई वारा सुटला आणि ज्यांनी चादर आणली नव्हती ते पोत्यांत शिरले. उंदेरीचे नाव उंदरावरून पडले असे लोक गमतीने म्हणतात, पण आमचे चुरमुरे खाल्ले ते खांदेरीच्या उंदरांनी. रात्री दोनच्या सुमारास भरती होती. लाटांचा आवाज अगदी उशाशी. तेव्हा बेटाच्या कडेला काय काय येऊन लागत होते, ते सकाळी कळले.

ओहोटीला दिसते ते

रविवारी आठला ओहोटी. पावणेसातपासूनच आम्ही खडकांवर उतरलो होतो. पाणी मागे हटले तसे दिसत गेले. कुठला कचरा म्हणून विचारू नका, कुठला नव्हता असे विचारा. तुटकी जाळी, थर्मोकोल, चपला (एकाही चपलेचा जोड नाही), शॅम्पूच्या पुड्या, मखराचे तुकडे, औषधांच्या पट्ट्या, ट्यूबलाइट.

हातात हात घालून ओळ केली, वरच्यांनी पोते धरायचे, खालच्यांनी भरायचे. शेवाळावर दोघे घसरले, एकाच्या ढोपराला कालवाने कापले. दहा वाजता मोजली तेव्हा एक्केचाळीस पोती भरली होती. आणलेली साठ कमी पडतील म्हणून भीती होती, पण माणसेच कमी पडली. पलीकडच्या अंगाला आम्ही पोहोचलोच नाही.

पहिली दहा पोती भरेपर्यंत सगळ्यांचे एकच म्हणणे, हे मुंबईचे पाप. मुंबईचा वाटा आहेच, ठाण्याच्या खाडीतून, पनवेलच्या खाडीतून येते ते कोण नाकारील? पण मग भाऊसाहेबांनी एक काम केले. शेतीतून आलेले वेगळे काढायचे ठरवले. आणि एक्केचाळीसपैकी साडेसहा पोती त्यानेच भरली. खतांच्या गोण्या, ठिबकच्या नळ्या, मल्चिंगचा कागद, रोपवाटिकेच्या काळ्या पिशव्या, आणि कीटकनाशकांच्या बाटल्या. एकशेबारा बाटल्या मी स्वतः मोजल्या. काहींत तळाशी औषध तसेच होते.

आता नकाशा डोळ्यापुढे आणा. पाताळगंगा आणि अंबा या नद्या धरमतरच्या खाडीला मिळतात आणि खाडी रेवसजवळ समुद्राला. आपल्या शेताच्या कडेचा पऱ्या नदीला, नदी खाडीला, खाडी समुद्राला. औषध मारून झाले की बाटली बांधावर, नाहीतर पऱ्यात टाकायची आपली रीत. पहिल्या मोठ्या पावसात ती आपल्या नजरेआड होते. आपल्याला वाटते गेली. ती इथे येते.

बाटलीचे काय करायचे ते सहायक कृषी अधिकारी सांगतात, पण आपण ऐकत नाही, म्हणून पुन्हा लिहितो. औषध संपले की बाटलीत थोडे पाणी घेऊन झाकण लावून खळखळवा आणि ते पाणी फवारणीच्या पंपातच ओता. असे तीनदा. औषधाचा थेंबही वाया जात नाही. मग बाटलीला तळाशी भोक पाडा, म्हणजे कुणी त्यात तेल-पाणी भरणार नाही. विहिरीवर, ओढ्यावर धुवायची नाही. चुलीत जाळायची तर अजिबात नाही. वेगळ्या गोणीत जमा करा. पण जमा केलेली गोणी द्यायची कुणाकडे? इथे गाडी अडते, आणि आमचीही तिथेच अडली.

पोती उतरली, पुढे काय

परतीला तृतीयेची भरती सव्वादोनची. सव्वा वाजता बेट सोडले. तांडेलाला मासळीच्या कामाने दुसऱ्या बंदरावर जायचे होते, म्हणून आम्हीही तिथेच उतरलो. त्या गावाचे नाव मुद्दाम लिहीत नाही. जे झाले ते कोणत्याही गावात झाले असते.

ठरले असे होते की पोती किनाऱ्यावर उतरवायची आणि ग्रामपंचायतीची गाडी ती नेईल. तोंडी ठरले होते. लेखी काही नव्हते, ही आमची चूक. रविवार असल्याने कार्यालय बंद, फोन बंद, गाडीचा चालक लग्नाला. आम्ही पोती भरतीच्या रेषेच्या वर रचली आणि उद्या नेतील म्हणून निघालो. पाय एस.टी.कडे वळलेच होते, तेवढ्यात जाळे शिवत बसलेल्या एका म्हाताऱ्या कोळीबाबांनी हाक मारली.

"ही इकरंच ठेवून चाललास? रातची भरती मोठी हाय. सगला परत नेल."

आम्हा शेतीवाल्यांच्या हे ध्यानातच आले नव्हते. पावसाळ्यात दिवसाची भरती मोठी, हिवाळ्यात रात्रीची. दुपारच्या पाण्याची रेषा पाहून आम्ही पोती ठेवलेली. रात्री अडीच-तीनला पाणी त्याहून वर चढणार आणि दीड दिवसाची मेहनत पुन्हा समुद्रात जाणार. बाबांनी हाक मारली नसती तर एक्केचाळीस पोती एकदम समुद्रात सोडण्याचे पुण्य आमच्या पदरी पडले असते.

पुन्हा ओळ केली. पोती वर नेली, तर वर मासळी सुकवायचे खळे. तिथल्या बायका उठून उभ्या राहिल्या. "आमच्या सुकटीच्या खल्यान तुमची घान कला?" बरोबरच होते त्यांचे. औषधाच्या बाटल्यांशेजारी कुणी बोंबील वाळवील काय? आमच्याकडे उत्तर नव्हते. चांगले काम करून आलेल्या माणसांना कुणी हाकलले की राग येतो. आम्हालाही आला. पण पोती तर आमचीच होती.

शेवटी आमच्यातल्या एका शेतकऱ्याने पुतण्याला फोन केला. भाताच्या गोण्या वाहणारा टेम्पो आला. दोन खेपांत सगळी पोती त्याच्या गावी, त्याच्या घरामागच्या खळ्यात पोहोचली. रात्रीचे नऊ वाजले होते. डिझेलचे पैसे त्याने घेतले नाहीत. बायको काय म्हणाली ते त्याने सांगितले नाही.

चार दिवसांनी भंगारवाला आला. बाटल्या, नळ्या, कडक प्लास्टिक घेऊन गेला. कुजकी जाळी, थर्मोकोल, पिशव्या त्याने हातात धरल्या नाहीत. त्याची चोवीस पोती गेली, सतरा राहिली. औषधाच्या बाटल्या त्या सतरांत आहेत, कारण त्या भंगारात द्यायच्या नाहीत असे भाऊसाहेबांचे म्हणणे, आणि ते योग्यच आहे.

इथे सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी मंडळींना एक आठवण देतो. २०१६ च्या प्लास्टिक कचऱ्याच्या नियमांनी ही जबाबदारी शहरांपुरती ठेवली नाही, ती ग्रामपंचायतींवरही आली. स्वच्छ भारत मिशनच्या दुसऱ्या टप्प्यात तालुक्याला एक प्लास्टिक व्यवस्थापन केंद्र धरलेले आहे. तुमच्या तालुक्याचे केंद्र कुठे आहे, ते चालू आहे का, तिथे माल कोणत्या वारी घेतात, हे पंचायत समितीत जाऊन विचारा आणि लेखी घ्या. श्रमदानाचा फलक रंगवण्याआधी हे करा. आम्ही उलटे केले.

२६ जानेवारी २०२६ च्या ग्रामसभेत त्या शेतकऱ्याच्या गावात हा विषय निघाला. भाऊसाहेबांनी स्वतः मांडला. कीटकनाशकांच्या रिकाम्या बाटल्यांसाठी गावात एक बंद टाकी ठेवायची आणि बेटावरून येणारा माल उतरवायला किनाऱ्यावरच्या ग्रामपंचायतीशी लेखी बोलणी करायची, असा ठराव झाला. टाकी कुठे ठेवायची यावर मात्र दीड तास गेला. शाळेजवळ नको, विहिरीजवळ नको, देवळाजवळ नको, आमच्या वाडीत नको. जागा ठरली नाही.

पावसाळ्याआधी पुन्हा खेप करायची असे आमच्यातल्या तरुणांचे चालले. उंबर कापला त्या बुंध्याला फूट आली का, तेही पाहायचे होते. तो दगड ज्याच्या हातून सुटला त्याने पहिले नाव दिले. टेम्पोवाल्या शेतकऱ्याला विचारले तेव्हा तो म्हणाला, "येतो की. पन आधी माझा खळा मोकळा करा. वाल झोडायला आलंत."

सतरा पोती त्याच्याकडेच होती.